तांदळाचा कोंडा आणि शाळूची भाकरी

जालना जिल्हा हा भाताचा मुलूख नव्हे; खरिपात कापूस-सोयाबीन आणि रब्बीत शाळू पिकविणाऱ्या या भागात तांदूळ येतो तो दुकानातून, पांढराशुभ्र होऊन, म्हणजे ज्यात त्याची बहुतेक गुणकारी द्रव्ये साठलेली असतात तो कोंडा गिरणीतच गमावून. या कोंड्याच्या तेलात १९५४ साली जपानी संशोधकांना सापडलेले ओरायझॅनॉल हे एकच द्रव्य नसून, फेरुलिक आम्ल व वनस्पतिजन्य स्टेरॉल यांच्या संयोगाने बनलेल्या अनेक संयुगांचा तो समुदाय आहे. आणि त्यातील स्टेरॉलची घडण कोलेस्टेरॉलशी इतकी मिळतीजुळती असते की, आतड्याच्या एकाच दरवाजाशी दोहोंची दाटी होऊन कोलेस्टेरॉल रक्तात कमी शिरते. या तेलाने एलडीएल कोलेस्टेरॉल काहीसे उतरते, हे माणसांवरील प्रयोगांत दिसले आहे. मधुमेहाविषयीचे दावे मात्र अद्याप बव्हंशी उंदरांच्याच दफ्तरी जमा आहेत. शिवाय, तांदूळ सडताच कोंड्यातील विकरे जागी होऊन तेल खवट करू लागतात, म्हणून कोंडा तत्काळ तापवावा लागतो.

फेरुलिक आम्ल ज्वारीच्या सालीतही आहे, आणि शाळू सालीसकट दळला जात असल्याने ते पिठात उतरते. बारीक चाळणीने पीठ चाळून कोंडा गाईच्या आंबोणात टाकणारी सुगरण भाकरी मऊ करते खरी, पण लाभ गाईचा होतो. हे आम्ल तंतूंना घट्ट जखडलेले असते. त्याची सुटका बहुतांशी मोठ्या आतड्यातील जंतूच करतात.