जळक्या ऑइलचा वास

आमच्या घरच्या सात सीटर गाडीला घाट चढून थांबलो की जळक्या ऑइलचा वास येई. इंजिन खोलावे लागणार, या धास्तीने आम्ही महिनाभर टाळले. पण सायलेन्सरचा धूर निळा नव्हता. डिपस्टिकवर मात्र ऑइल उतरलेले.

फिटरने इंजिन पुसून चालू ठेवले अन् बॅटरी मारली. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल झिरपून तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत होते. पॅकिंग वाळून कडक झालेले, ब्रीदर पाइप चोंदलेला. पाइप साफ केला, पॅकिंग बदलले, बोल्ट बेताने आवळले. वास गेला, इंजिन खोलायचा खर्चही वाचला.

तेव्हा "चालतंय की" म्हणू नका. असे ऑइल पेटही घेते, आणि गाडीत आपलीच लेकरे बसतात.