लाईट आली म्हणून मोठी मोटार लगेच चालू करू नका! दोन प्रयत्नांनंतर विश्रांती का गरजेची?

नदीकाठच्या उपसा सिंचन योजनांवर उन्हाळ्यात हे चित्र नेहमी दिसते. लाईट येते, ऑपरेटर मोटार चालू करतो, दहा मिनिटांत ट्रिप होते. पुन्हा चालू, पुन्हा ट्रिप. पाळीवाल्या शेतकऱ्याचा फोन येतो, "अहो, पाणी का थांबलं?" मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बटण दाबले जाते. शेवटी जळकट वास येतो आणि कॉईल गेलेली असते. पुढचे काही दिवस मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आणि ऊस रानात वाळत. त्या दिवशी दोष विजेला दिला जातो, पण बऱ्याचदा मोटार जळते ती वारंवार चालू केल्यामुळे.

चालू होताना मोटारीत काय होते?

पंपाची मोटार थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. १०० एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण १३० अँपिअर घेत असेल, तर थेट चालू करताना तोच आकडा ७५० ते ८०० अँपिअरच्या घरात जातो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट सहापट झाला की कॉईलमध्ये उष्णता छत्तीसपट. हे काही सेकंदच चालते म्हणून मोटार टिकते. पण ती उष्णता बाहेर पडण्याआधीच पुन्हा बटण दाबले, तर आधीच्या उष्णतेवर नवी उष्णता चढते.

त्यात एक अडचण अशी की मोटार थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटार थांबली की पंखाही थांबतो. म्हणून बंद मोटार चालत्या मोटारीपेक्षा हळू थंड होते. बाहेरून बॉडीला हात लावून काही कळत नाही, आतला रोटर तापलेलाच असतो.

मग किती वेळा चालू करावी?

मोठ्या मोटारींसाठी अमेरिकेतील नेमा या उत्पादक संघटनेचे मानक अनेक ठिकाणी प्रमाण धरले जाते. ते थोडक्यात असे:

- मोटार पूर्ण थंड असेल तर लागोपाठ दोन वेळा चालू करता येते. मात्र दोन्हींच्या मध्ये ती पूर्ण थांबली पाहिजे.
- मोटार चालून गरम झाली असेल तर एकदाच.
- त्यानंतर विश्रांती. अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात साधारण अर्धा तास चालती किंवा एक तास बंद, असा हिशेब असतो.

हा नियमसुद्धा व्होल्टेज बरोबर आणि पंपाचा लोड ठरल्याप्रमाणे असेल तेव्हाचा आहे. आपल्या मोटारीच्या प्लेटवर किंवा कंपनीच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. विहिरीवरची पाच एचपीची लहान मोटार यापेक्षा जास्त वेळा चालू होऊ शकते, पण तिचा नियम शंभर-दोनशे एचपीला लावू नये.

जुन्या मोटारीला जास्त जपायचे का?

हो. जुन्या कॉईलचे वॉर्निश सुकून तडकलेले असते. प्रत्येक वेळी चालू होताना कॉईलच्या टोकांना जोराचा हिसका बसतो, तारा एकमेकींवर घासतात. रोटरच्या पट्ट्या तापून फुगतात, थंड होऊन आकसतात आणि जोडावर चिरतात. लोड सारखा असूनही अँपिअर मीटरचा काटा मागे-पुढे हलत असेल आणि मोटार घुमल्यासारखा आवाज करत असेल, तर रोटर तपासून घ्यावा. इन्सुलेशन कायम दहा अंश जास्त तापले तर त्याचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

इथे चूक होते

- ओव्हरलोड रिले लगेच रिसेट करणे. रिलेतली पट्टी छोटी असते, काही मिनिटांत थंड होते. मोटारीचे लोखंड आणि तांबे मात्र क्विंटलच्या हिशेबात. रिले रिसेट झाला म्हणजे मोटार तयार झाली असे नाही.
- कमी व्होल्टेजवर चालू करणे. व्होल्टेज २० टक्के कमी असेल तर मोटारीची ओढ १०० वरून ६४ वर येते. वेग घ्यायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ ती तापते.
- ऑटो स्विच. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज खाली बसते, डीपीवर ताण येतो. महावितरणही ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवा, असे वारंवार सांगते.
- पाणी उलटे येत असताना बटण दाबणे. व्हॉल्व्ह गळत असेल तर वरचे पाणी परतते आणि पंप उलटा फिरतो. अशा वेळी चालू केल्यास मोटार आणि शाफ्ट दोन्हीला धोका.
- "स्टार-डेल्टा आहे, मग काय होतंय?" स्टारमध्ये लाईनवरचा करंट एक तृतीयांश होतो हे खरे. पण ओढही एक तृतीयांश होते आणि वेळ वाढतो. रोटरची उष्णता त्यामुळे संपत नाही. सॉफ्ट स्टार्टरचेही तेच. व्हीएफडीवर मोटार कमी फ्रिक्वेन्सीपासून हळूहळू उठते, तेव्हा उष्णता खरोखर कमी होते. पण जुन्या कॉईलला व्हीएफडी झेपेल का, हे आधी जाणकाराकडून तपासावे.

ऑपरेटरने काय करावे?

ट्रिप झाली की आधी कारण शोधावे: तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज किती, पंप हाताने मोकळा फिरतो का, व्हॉल्व्ह धरतो का. हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. सेंट्रिफ्युगल पंप असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करावा, मग हळूहळू उघडावा. लाईट आल्यावर व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबावे.

स्टार्टरशेजारी एक वही टांगावी. मोटार कधी चालू केली, कधी आणि का बंद पडली, एवढे लिहिले तरी तिसरा प्रयत्न करायचा की नाही हे लगेच कळते. आणि संस्थेच्या सभासदांनीही एक गोष्ट पाळावी. ऑपरेटर "तासभर थांबा" म्हणाला तर त्याच्यावर दबाव टाकू नये. एक तास थांबल्याने एक पाळी उशिरा होईल. मोटार जळली तर सगळ्यांचीच पाळी जाईल.