हातातल्या कामाला साजेशी साधने

ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गजबजलेली शहरे आहेत, तर दुसऱ्या टोकाला मुरबाड-शहापूर तालुक्यांतील कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी समाजांचे पाडे. त्यामुळे तंत्रज्ञान कोणाच्या हातासाठी घडवायचे, हा प्रश्न या एकाच जिल्ह्यात दोन्ही अंगांनी तपासता येतो.

आरोग्याच्या बाबतीत या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर गडचिरोलीत सापडले. दोन महिन्यांखालील बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनियाचा धोक्याचा इशारा मानला जातो. पण गावातल्या निरक्षर दायांना एवढे मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून तिथे काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेला श्वासमापक तयार केला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर बाळाला उपचारांची गरज आहे असे समजायचे, एवढीच त्याची रीत. दाईला जे येत नव्हते ते तिला शिकवत बसण्याऐवजी जे येत होते त्यावरच निदान उभे केले, हे या साधनाचे खरे मोठेपण होय.

ठाणे जिल्ह्यातील आशा स्वयंसेविका, म्हणजे गावातूनच निवडलेली आरोग्य कार्यकर्ती, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. झोळीत घातलेल्या बाळाचे वजन काट्यावर पाहताना तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि तरीही नोंद नोंदवहीत व मोबाइलवर अशी दोनदा करावी लागली, तर साधन मदतीऐवजी ओझे ठरते. आशा स्वयंसेविकांच्या ऑक्टोबर २०२३ च्या संपात ऑनलाइन कामाबद्दलची नाराजी उघडपणे पुढे आली होती. शिवाय दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा गावाच्या नावाने ठेवलेली नोंद मागेच राहते, आणि आईच्या पिशवीतले, तिच्या आणि बाळाच्या नोंदींचे माता-बाल संरक्षण कार्ड मात्र तिच्यासोबत भट्टीवर पोहोचते. नवे ॲप रचणाऱ्यांनी या कार्डाचा अभ्यास आधी करायला हवा.

कलावंतांची गरज वेगळी असली, तरी अडचण याच जातीची आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये ज्या डोंबिवलीत सुरू झाली, तिथे रस्त्यावर मोठी रांगोळी घालणारे कलाकार खडू बांधलेल्या सुतळीने वर्तुळ काढतात आणि छायाचित्रावरच्या चौकटी जमिनीवर मोठ्या करून आखतात. बोटांना रंग लागलेला असताना मोबाइलच्या पडद्याला स्पर्श करणे अवघड, आणि दर मिनिटाला तो पडदा बंद होत गेला तर रेषेची लय तुटते. त्यांना स्वतः चित्र काढून देणारे यंत्र नको आहे. चौकटींचे माप अचूक सांगणारे, उन्हात स्पष्ट दिसणारे आणि आवाजी सूचनेवर पुढची चौकट दाखवणारे साधन मिळाले, तर त्यांचा आखणीतला वेळ वाचून तो रंगभरणीला देता येईल.