सहेरी, इफ्तार आणि मधली गोळी

ईद जवळ आली की शिंप्याच्या दुकानातला दिवा सहेरीपर्यंत जळतो. अशाच एका दुकानातले मधल्या वयाचे कारागीर गेले आठ महिने चिंतारोगासाठी एसिटालोप्रामची गोळी घेत होते. छातीतली धडधड थांबली होती, झोप लागत होती. रमजानचा चाँद दिसला आणि त्यांनी गोळीचे पाकीट कपाटात ठेवून दिले. रोजा धरला की मन आपोआप शांत होईल, मग गोळी कशाला, असा त्यांचा हिशोब. शिवाय दुपारी जेवणानंतर गोळी घ्यायची सवय, आणि आता दुपारी पाणीही नाही.

पाचव्या रोजाला मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. चक्कर, चिडचिड, रात्रभर डोळे उघडे. आपलाच ईमान कच्चा, असे त्यांना वाटले. घरच्यांना वाटले, उपासाने अशक्तपणा आला. खरे कारण कपाटात होते. अशी गोळी अचानक बंद केली की दोन-चार दिवसांतच असा त्रास सुरू होऊ शकतो. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, फक्त वेळ बदलली. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन बहुधा दिवसातून एकदाच घ्यायचे असते, त्यामुळे रोजाला त्याची अडचण होत नाही. गोळीने सुस्ती येत असेल तर इफ्तारनंतर, झोप उडत असेल तर सहेरीला. सध्या रोजा साधारण तेरा तासांचा आहे. दिवसातून दोनदा घ्यायचे औषधही पुष्कळदा या दोन वेळांत बसते, पण तेही विचारूनच. तीनदा घ्यायचे असेल तर दुपारची गोळी इफ्तारला दुप्पट करून गिळणे हा उपाय नव्हे. डॉक्टरच मात्रा किंवा औषध बदलू शकतात. खरे तर ही भेट रमजानच्या आधीच व्हायला हवी.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्यांची गोष्ट वेगळी. लोक त्यांना झोपेची किंवा टेन्शनची गोळी म्हणतात. अर्ध्या-एक तासात आराम पडतो आणि धोकाही तिथेच आहे. एसिटालोप्रामचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवरचा आधार म्हणून डॉक्टर कधी यातली एखादी थोड्या दिवसांसाठी देतात. रोज घेत राहिले की शरीराला सवय लागते, आणि सवय लागल्यावर एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. दारू किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध यांच्यासोबत ती घेतल्यास श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. तरावीहची नमाज उरकून बाराला गोळी घ्यायची, साडेचारला सहेरीला उठायचे आणि लगेच मोटारसायकलला किक मारायची, हे रमजानमधले नेहमीचे चित्र. गुंगी मात्र तोवर उतरलेली नसते. वयस्क माणसे याच गुंगीत पडून हाड मोडून घेतात.

शेजारणीला लागू पडली म्हणून आपणही घेतली, हा प्रकार सर्व धर्मांच्या घरांत सारखाच चालतो. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ‘एच१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. ओळखीवर गोळी देणारा दुकानदार उपकार करत नाही.

आणि डॉक्टरांनी रोजा धरूच नका असे सांगितले तर? कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आयत १८४ आणि १८५ मध्ये, आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर सुटलेले रोजे नंतर धरता येतात. बरे होण्याची आशाच नसेल तर एकेका रोजाबद्दल गरिबाला जेवण द्यायचे. मधुमेहाच्या रुग्णाने ही सवलत घेतली तर कोणी भुवई उंचावत नाही. मनाच्या आजाराला मात्र ‘नमाज वाढव’ एवढेच उत्तर मिळते. हजार वर्षांपूर्वी, ९३४ साली निवर्तलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराचे आणि मनाचे आरोग्य एकाच ग्रंथात मांडले होते, भीती आणि घबराटीसह. आपण अजून तिथवर पोहोचलेलो नाही.

शिंपीकाकांच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बंद केली: सहेरीचा तिसरा कप चहा. कडक चहाने धडधड वाढते, आणि ती आजाराच्या खात्यावर जमा होते. गोळीचे पाकीट आता खजुराच्या डब्याशेजारी असते. ईदच्या दिवशी जेवणाझोपेच्या वेळा एका दिवसात पुन्हा उलटतील. तेव्हा गोळी कधी घ्यायची, हे त्यांनी आजच चिठ्ठीमागे लिहून घेतले आहे. रात्री-अपरात्री घबराट वाढली आणि डॉक्टर भेटत नसले, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास.