दिवे गेले, तरी तार जिवंत

वळवाचा पाऊस आला की आधी वारा सुटतो आणि दिवे जातात. मोसम नदीकाठच्या आपल्या नामपूरला यात नवल काही नाही. पण दिवा गेला म्हणजे तारेतली वीजही गेली, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. माणसे दगावतात ती याच समजुतीने.

वीज कशी येते पाहा. उपकेंद्रातून ११,००० व्होल्टची वीज तारांवरून डीपीपर्यंत येते. डीपी तिचा जोर उतरवते. मग मोटारीला ४०० आणि घराला २३० व्होल्ट मिळतात. वाटेत तार तुटली की घरात अंधार होतो. फ्यूज उडाला तर ठीक. पण तार कोरड्या मातीवर पडली, तर कधी कधी फ्यूज उडतच नाही. तार निपचित दिसते आणि तिच्यात वीज खेळत असते. जमीन ओली असेल तर जवळ जाणेही धोक्याचे. दहा-बारा पावले लांब राहा. गुरे आवरा, पोरे आवरा. काठीने तार बाजूला सारायला जाऊ नका. मोठ्या तारेपुढे काठीचा भरवसा नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. झाडे तारांवर कोसळली, खांब मोडले. श्रीवर्धन, मुरूडकडच्या कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप बंद आणि नळ कोरडे. टॉवर बंद, म्हणून मोबाइल मुका. त्यातच करोनाची साथ चालू होती.

इतके दिवस अंधार राहिला की कोणी जनरेटर आणतो. आणावा, पण आधी घरचा मेन स्विच पाडावा. तो चालू राहिला, तर जनरेटरची वीज उलटी डीपीत शिरते. उलटी गेलेली वीज डीपी उतरवीत नाही, चढवते! वर खांबावर वायरमन काम करीत असतो. तार बंद आहे असे समजून तो हात लावतो, आणि त्याचा जीव आपल्या अंगणातल्या जनरेटरपायी जातो.

शेतात याहून वाईट खोड आहे. कांद्याला पाणी द्यायचे असते, वीज नसते, वायरमन येत नाही. मग आपलाच एखादा धीट गडी डीपीत फ्यूज घालायला जातो. त्याला शूर म्हणतात. मी म्हणत नाही. वीज सांगून येत नाही. मागून कोणी चालू केली तर? मोटारीचेही तसेच. स्टार्टर ऑटोवर असला, तर वीज येताच मोटार आपोआप फिरू लागते. म्हणून मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, मग वीज असो वा नसो.

तक्रारीचा नंबर १९१२ आहे. बिलावरचा ग्राहक क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा. आभाळ भरून आले की मोबाइल चार्ज करून ठेवा, बॅटरी हाताशी ठेवा आणि पिण्याचे पाणी हंड्यात भरून घ्या. तार कोणत्या शिवारात, कोणाच्या बांधावर पडली ते फोनवर नीट सांगा, आणि वायरमन येईपर्यंत एकाने लांब उभे राहून वाटसरूंना अडवावे.