अडकणारें बोट

सकाळीं उठून मूठ उघडूं जावें, तों इतर बोटें सरळ व्हावींत आणि एक मात्र वांकलेलेंच राहावें. दुसऱ्या हातानें ओढतांच तें खट्‌कन सुटावें व कळ तळहातांत उतरावी, असा अनुभव पुष्कळांना येतो. वाकोल्यास आमच्या शेजारीं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची अनामिका अशीच अडकूं लागली. "वयच झालें, चालायचेंच," असें म्हणून त्यांनीं सहा महिने तें कोणास सांगितलें नाहीं. पुढें कात्री धरवेना, तेव्हां घरांत कळलें. आमच्या वाचकांच्या घरीं असें होऊं नये म्हणून या विकाराची थोडी माहिती येथें देतों.

यास ट्रिगर फिंगर म्हणतात. बंदुकीचा चाप सुटावा तसें बोट झटक्यानें सुटतें, म्हणून हें नांव. फ्रान्समधील नोटा नामक वैद्यानें सन १८५० मध्यें त्याचें वर्णन केलें.

विद्यार्थ्यांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. डाव्या हातानें उजव्या कोपराखालचा भाग धरावा व उजवी मूठ मिटावी-उघडावी. हातास जे हालतांना लागतात, तेच बोटें वांकविणारे मुख्य स्नायु. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटांतून बोटांपर्यंत जातात. आणि त्या हाडापासून सुटूं नयेत म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं चिवट कडीं असतात. पहिलें कडें बोटाच्या मुळाशीं, तळहाताकडे आहे. तें जाड होऊन अरुंद झालें, किंवा कंडरेवर गांठ आली, म्हणजे दोरी अडते. लेंग्याच्या नाडीस गांठ पडली तर ती नेफ्याच्या तोंडाशीं अडून बसते व जोर करतांच एकदम आंत सरकते, तसाच हा प्रकार. म्हणून दुखणें मधल्या पेरांत भासलें, तरी त्याचें मूळ तळहातांत असतें.

हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत, आणि बहुधा चाळिशीनंतर, अधिक आढळतो. ज्या कामांत मूठ वारंवार घट्ट आवळावी लागते, त्या कामानें त्रास वाढतो. मधुमेह्यांत तर तो विशेष दिसतो. वरील बाईंचें रक्त तपासलें तेव्हां त्यांचा मधुमेह प्रथमच उघडकीस आला. बोट अडकलें नसतें, तर तो शत्रु घरांत आणखी किती दिवस लपून राहिला असता कोण जाणे!

आतां उपाय. प्रथम बोटास विश्रांति द्यावी. पिळणें, घट्ट धरणें टाळावें. वैद्य सांगतील तशी रात्रीं पट्टी बांधावी. बोट झटके देऊन ओढूं नये, जोरानें चोळूं नये. एवढ्यानें न भागल्यास कडें असतें त्या जागीं स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात. अनेकांस एकानेंच आराम पडतो. मात्र त्यामुळें मधुमेह्यांची साखर कांहीं दिवस वाढते, तेव्हां ती मोजीत राहावें. तरीही बोट अडकतच राहिलें, तर तेवढीच जागा बधिर करून तें कडें कापून मोकळें करतात. काम थोड्या मिनिटांचें असून रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो. इतर कडीं शाबूत असल्यामुळें बोटाची शक्ति जात नाहीं. आमच्या शेजारणींना शस्त्रक्रियेची फार भीति वाटे; आज त्या पूर्वीप्रमाणें काज करतात.

लहान मुलाचा आंगठा वांकलेलाच राहत असेल, तर तोही तज्ज्ञास दाखवावा. पुष्कळदां तो वाढत्या वयांत आपोआप सुटतो. बोट लाल होऊन सुजलें व ताप आला, तर मात्र एक दिवसही थांबूं नये. आपल्या भागांत, सांताक्रूझ पूर्वेस, महानगरपालिकेचें व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे. तेथें दाखविण्यास संकोच कसला?

बालमित्रहो, आई भाकरी थापतांना एखादें बोट वेगळें धरीत असेल, तर तें तुमच्या नजरेंतून सुटूं नये. ती स्वतः सांगणार नाहीं, तुम्हीच विचारावें.