एडीएचडी : परभणी जिल्ह्यात तपासणी कोणाकडे, कुठे आणि कशी करून घ्यावी?

वर्गात जागेवर न बसणाऱ्या मुलाला आपल्याकडे 'वांड' म्हणतात. खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीला 'मंद' म्हणतात. आपल्या समाजाच्या लेकरांवर त्याच्या जोडीला आणखी एक शिक्का बसतो : 'यांना शिक्षणाचे वळणच नाही.' एकदा हा शिक्का बसला की मूल मागच्या बाकावर जाते आणि पुढे शाळेबाहेर. अशा काही मुलांना एडीएचडी असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून वस्त्यांत, वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत काम करणाऱ्या युवकांना ही माहिती हवी.

एडीएचडी म्हणजे काय?

ही मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे. लक्ष टिकवणे, आवेग आवरणे, कामाची आखणी करून ते पूर्ण करणे यात अडचण येते. जगभरच्या अभ्यासांनुसार सुमारे ५ टक्के मुलांमध्ये ती आढळते. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. आईच्या लाडामुळे किंवा संस्कार कमी पडल्यामुळे ती होत नाही. मुलींमध्ये धांगडधिंगा कमी आणि हरवलेपण जास्त दिसते, म्हणून त्या सहसा नजरेतून सुटतात. अनेकांमध्ये ही अडचण मोठेपणीही राहते. स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणणारा, पण एकही विषय शेवटपर्यंत न नेऊ शकणारा हुशार तरुण आळशीच असेल असे नाही.

मात्र प्रत्येक बेचैनी एडीएचडी नसते. निदानासाठी लक्षणे १२ वर्षांच्या वयाआधीपासून असावी लागतात, किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. परभणीकरांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर अटकसत्र झाले आणि सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा घटनांनंतर ज्याची झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, त्याची अडचण आघातातून आलेली असू शकते. त्यालाही मदत हवी, पण उपचार वेगळे असतात. म्हणून 'हे कधीपासून आहे?' हा पहिला प्रश्न.

निदान कोण करू शकते?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. लहान मुलांसाठी बालविकासाचे विशेष प्रशिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. समुपदेशकाचा आधार मोलाचा असतो, पण तो औषध लिहून देऊ शकत नाही.

रक्ततपासणी, एमआरआय किंवा ईईजी यांतून एडीएचडी ठरत नाही. दृष्टी, श्रवण, रक्तक्षय, थायरॉईड यांची तपासणी दुसरे कारण नाही ना हे पाहण्यासाठी असते. पाच मिनिटांत निदान करून कोणी औषध हातात ठेवले, तर दुसरे मत घ्यावे.

सुरुवात कुठे करावी?

१. शाळा आणि अंगणवाडी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. पथक येईल तेव्हा मुलाचे नाव पालकांनी किंवा शिक्षकांनी स्वतःहून सांगावे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागावी.

२. जिल्हा रुग्णालय, परभणी : येथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी, हे आधी विचारूनच निघावे. जिंतूर, पाथरी किंवा सोनपेठहून येणाऱ्याची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी असते.

३. टेली-मानस, १४४१६ : केंद्र सरकारची ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येते. फोनवर निदान होणार नाही, पण जवळ कुठे जावे हे विचारता येते.

४. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये : जिल्ह्यात सोय झाली नाही, तर नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी हे पर्याय आहेत. पूर्णा, परभणी, मानवत रोड आणि सेलू येथून दोन्हीकडे थेट रेल्वे आहे.

सोबत काय न्यावे?

मागील वर्षांची प्रगतिपुस्तके, अर्धवट वह्या, शिक्षकांनी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी आणि जुने वैद्यकीय कागद. तरुणाची तपासणी असेल तर त्याचे बालपण पाहिलेली आई, मावशी किंवा मोठा भाऊ सोबत असावा.

उपचार आणि औषध

सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण असते. त्यापुढे गरजेनुसार औषधे, वर्तनोपचार आणि शाळेतील साधे बदल : पुढचा बाक, कामाचे छोटे तुकडे, लेखी सूचना. मिथाइलफेनिडेट हे औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये येते. त्यासाठी दोन प्रतींतील चिठ्ठी लागते आणि विशेष परवाना असलेल्या दुकानातच ते मिळते. म्हणून 'हे जवळ कुठे मिळेल?' हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे. अ‍ॅटोमॉक्सेटीन हा वेगळ्या प्रकारचा पर्याय आहे. एकाचे औषध दुसऱ्याने घेऊ नये.

विहारात किंवा शिबिरात आनापान केल्याने मन शांत होत असेल तर ते जरूर करावे. पण 'ध्यानाला बसव, सुटेल' असे म्हणून तपासणी टाळू नये. न जमणाऱ्या मुलाला त्यातून आणखी एक अपयश मिळते.

हा हक्क आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील मानसिक रुग्णाला कार्ड नसले तरी सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचार मिळण्याची तरतूद आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अनेक मुलांमध्ये दोन्ही एकत्र असतात, म्हणून तिचीही तपासणी मागावी.

कार्यकर्त्यांनी निदान करायचे नाही. ओपीडीचा दिवस शोधणे, कागद जमवणे आणि पहिल्या फेरीला कुटुंबासोबत जाणे एवढे करावे. त्या घराची गोष्ट चौकात जाऊ देऊ नये. प्रत्येक वसतिगृहात आणि अभ्यासिकेत एकाने ही जबाबदारी घेतली, तर मागच्या बाकावरचे एखादे लेकरू शाळेत टिकेल.